माझ्या हस्ताक्षरातला गोठा

ग्रामपंचायतीत मी एकतीस वर्षं कारकून होतो. त्या काळात गावात जेवढ्या म्हशी नव्हत्या तेवढे गोठे मी रजिस्टरला चढवले. घराला घरपट्टी जास्त, गोठ्याला किरकोळ. त्यामुळे कुणी दोन खोल्या वाढवल्या की संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन टेकायचा. "भाऊ, गोठाच लिवा की. तुमचं काय जातंय?" माझं खरंच काही जात नव्हतं. पैसे मी कधी घेतले नाहीत आणि त्याचा मला गर्वही होता. लग्नाकार्यात लोक हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवायचे, तेवढं मला पुरायचं.

अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं आसपासच्या गावांत खोल्या शोधू लागली, तेव्हा मीही घरामागच्या जागेत सहा खोल्या बांधल्या. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. फरशी बसवली, पंखे लावले, प्रत्येक खोलीला वेगळी मोरी काढली. आणि नमुना आठवर, म्हणजे गावातल्या घरांची जिथे नोंद असते त्या कागदावर, स्वतःच्या निळ्या शाईनं लिहिलं : गोठा, एक. लिहिताना हात जराही थांबला नाही. सवयीचंच काम होतं.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं सगळं तोंडी चाललं. करार नाही, कागद नाही. मग ती मुलगी आली. पिंपरी पेंढारच्या पुढच्या वस्तीवरची, वडील गवंडीकाम करणारे. दारात येऊन "जय भीम काका" म्हणाली, खोलीत डोकावून पंखा चालू करून पाहिला आणि विचारलं, "भाडेकरार करून मिळंल ना?"

तिला कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. अशा मुलींना सरकार राहण्या-जेवणाचा भत्ता देतं. पण अर्जाला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो आणि कराराला जागेचा उतारा, म्हणजे त्याच नमुना आठची नक्कल. मुदत महिनाअखेरपर्यंत. भत्ता मिळाला तर ती शिकणार होती, नाही मिळाला तर घरी. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रडगाणं न गाता, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. मीही थाटात म्हणालो, "कागदाची काळजी तू करू नको. माझा जन्म कागदात गेलाय."

मंचरला करार करून देणाऱ्याकडे आम्ही दोघं गेलो. त्यानं उतारा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "काका, हितं तर गोठा लिवलाय. करार कुणाशी करायचा, म्हशीशी?" तो हसला. मीही हसलो. ती मात्र उताऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेलो. माझ्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसते. तिला काम मीच शिकवलं होतं. तिनं रजिस्टर काढलं, माझ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, अर्ज द्या. वापर बदलून घराची नोंद करायची म्हणून. खोल्या कधी बांधल्या ते खरं लिवा. जागा बघून मी मासिक सभेपुढं ठेवते, तारखेच्या आत व्हतंय सगळं. फक्त शुक्रवारपर्यंत अर्ज पायजे."

"दुसरा काही मार्ग?"

"तुमीच सांगायचा, नोंद बदलायची तर अर्जाबिगर न्हाई."

मी सांगायचो खरा, पण दुसऱ्यांना.

अर्ज लिहायला मला दहा मिनिटं लागली. तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. माझ्या बैठकीतली, माझ्या पंगतीतली. गावात बातमी कशी पळते ते मला कुणी शिकवायला नको. शेजारच्या म्हाताऱ्यानं चहा फुंकत सुरुवात केली. "तुजा एक गोठा घर झाला, की साहेब इचारनार, बाकीचे गोठे दावा. मंग?" दुसरा म्हणाला, "आमी काय मागाय आलो व्हतो का? तूच लिवलंस." हे खोटं होतं, तो सलग दोन संध्याकाळी मागायला आला होता. पण रजिस्टरला अक्षर माझं होतं, त्याचं नव्हतं. तिसरा, जरा मवाळ, म्हणाला, "एका पोरीसाठी गाव अंगावर घ्यू नका, राव. परगावची पोर, जाईल दुसरीकडं."

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "दरवर्षी जयंतीला मुलींच्या शिक्षणावर भाषण ठोकता ते कुणासाठी?" मी खिशातला अर्ज चाचपून पाहिला.

शुक्रवारी अर्ज खिशात घेऊन मी पंचायतीच्या दारापर्यंत गेलो. आत दोन गोठेवाले घरपट्टी भरत उभे होते. मला पाहून त्यांनी "या, बसा" म्हटलं, फार प्रेमानं. मी बाहेरूनच हात केला आणि परत फिरलो. एकतीस वर्षं ज्या दारातून मी डोळे मिटून आत-बाहेर केलं, त्या दारात मला पाय टाकता आला नाही. मी भित्रा आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

ती रोज विचारायची, "काका, झालं का?" मी म्हणायचो, "अर्ज दिलाय, वर अडकलंय. सरकारी काम, सहा महिने थांब." ती मान डोलवायची. एकदा तर मलाच धीर देत म्हणाली, "तुमी नका दगदग करू, व्हईल."

मुदत गेली. तरी ती दोन महिने तग धरून राहिली, सकाळी कॉलेज, संध्याकाळी मंचरला एका दुकानात. मग एका रविवारी वडील टेम्पो घेऊन आले. गादी, बादली, पुस्तकांची दोन खोकी. सामान चढवून झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "पावणं, पोरगी सांगती, तुमी लई हेलपाटे घातले म्हनून. आमचंच नशीब न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. दोन दिवस आधी ती रहिवासी दाखल्यासाठी पंचायतीत गेली होती, हे मला ठाऊक होतं. अर्ज कधी आलाच नाही, हे तिला तिथे कळल्यावाचून राहिलं नसणार. वडिलांसमोर ती एक शब्द बोलली नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि टेम्पोत बसली.

सोमवारी मी अर्ज दिला. ओटा ओस पडला, पंगतीला हात धरणारं कुणी उरलं नाही, ते पुढचं. पंधरा दिवसांनी ती कारकून बाई जागा बघायला आली. टेपनं खोल्या मोजल्या. वापर : निवासी. मालक : माझं नाव. मग पुढच्या रकान्यात पाच खोल्यांतल्या मुलांची नावं लिहून, सहाव्या खोलीपाशी पेन थांबवून तिनं विचारलं, "भाऊ, भोगवटादार कोण? राहतं कोण हितं?"

त्या मुलीच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत भिंतीवर कॉलेजचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, काढायचं राहून गेलेलं.

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि तिनं तसं लिहिलं.