आखणीवाल्या मावशी

डोळे उघडेपर्यंत मावशी गणपतीला अरे-तुरे करायच्या. "सरळ बस रे, मान किती वाकडी केलीस," असं म्हणत मूर्ती पाटावर फिरवायच्या. मग श्वास रोखून बारीक कुंचल्यानं बुबुळ टेकवायच्या, आणि त्या क्षणापासून त्याच मूर्तीला म्हणायच्या, "अहो, जरा बाजूला घेते हं तुमाला." मूर्तीचे डोळे रंगवायच्या कामाला आखणी म्हणतात. नगरजवळच्या आमच्या नागापूरच्या गणपती कारखान्यात ती फक्त त्यांनीच करायची. म्हणून त्या आखणीवाल्या मावशी.

लग्न होऊन मी नागापूरला आले. नवरा कंपनीत पाळीवर जायचा, दिवसभर खोलीत करमेना, म्हणून मी कारखान्यात रंगकामाला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी चार मूर्तींचा एकेक दात तुटलेला दिसला. साच्यातून काढताना मोडला असणार असं समजून मी शाडूनं चारही दात नीट जोडून ठेवले. एकदंत हे नाव लहानपणापासून तोंडात होतं, पण हातात माती आल्यावर काही आठवलं नाही. मावशी पोट धरून हसल्या.

"अगं, तो त्यानं सोताच मोडलाय! लेखनी मोडली म्हनून महाभारत अडू द्यायचं का? मोडला दात, घेतला हातात, लागला लिवायला."

गणपतीचं सगळं अंग त्यांना असं पाठ होतं. कान सुपासारखे का, तर ऐकलेलं पाखडून घ्यायला. पोट मोठं का, तर लोकांचं बोलणं तिथंच ठेवायला. आम्ही दहा-बारा बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करायचो, पण एकीच्या घरचं दुसरीला त्यांच्या तोंडून कधी कळलं नाही. एका गोष्टीला मात्र त्यांचा आवाज चढायचा. शंकरानं पोराचं डोकं उडवलं, ही ती गोष्ट. "मागनं हत्तीचं आनून बसवलं म्हंजे झालं व्हय? तिला इचारलं कुनी?" असं म्हणून त्या पार्वतीच्या बाजूनं तावातावानं भांडायच्या, जणू शंकर पलीकडच्या खोलीतच बसलाय.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. काही महिन्यांनी ऑपरेशन करून शिवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण घरात कुणाचा चेहरा उजळला नाही. ग्रहणात मी विळी हातात घेतली असणार, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. बारसं पुढे ढकललं. कुणी आलं की मी दुपटं बाळाच्या तोंडावर ओढायचे. रडायचे ते न्हाणीघरात, नळ सोडून.

एका दुपारी मावशी आल्या. दुपटं बाजूला करून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि निरखून पाहिलं. "नाव काय ठिवलं?"

"तोंड नीट झालं की करू बारसं," सासूबाई म्हणाल्या.

"पार्वतीचं लेकरू दारात हुतं. माघारी आलं तवा डोकंच दुसरं, हत्तीचं! ती म्हनली का, न्या परत, हे माझं न्हाई? मांडीवर घेतलं आन् म्हनली, पयली पूजा ह्याची."

"देवाची गोष्ट वेगळी असते हो."

मावशी थोडा वेळ बाळाच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी पुनतांब्याला धाकट्या बहिनीला घरातच ठिवली. पाय वाकडा म्हनून. लग्नाला न्हाई, जत्रंला न्हाई, गोदावरी दाराशी असून अंघोळीला बी न्हाई. ती गेली तवा निम्म्या गावाला ठावं न्हवतं, आसं कोन हुतं म्हनून. मी थोरली. मी बी गप बसले."

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आल्या. "रविवार चालेल का?" त्यांनी मावशींनाच विचारलं.

बारशाला सगळी आळी आली. पाळण्यात बाळाचं तोंड उघडं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अशा लांबून काय बघता? पुढे या. माझी नात आहे, गौरी."

गौरीचं ऑपरेशन झालं. ओठावर एक पांढरट रेघ तेवढी राहिली. पुढे मावशींची नजर मंदावली. त्यांनी आपला कुंचला माझ्या हातात दिला आणि भाच्याकडे पुणतांब्याला राहायला गेल्या. गेल्या दिवाळीनंतर त्या वारल्या. त्याआधी एकदाच आमची भेट झाली. गौरी तेव्हा सातवीत होती. मावशींनी तिला शेजारी बसवून पार्वतीची तीच गोष्ट सांगितली, शंकराशी तेवढंच भांडून.

गौरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आजी, त्याच्या पहिल्या तोंडासाठी पार्वती रडली असेल ना?"

"रडली आसंल," मावशी म्हणाल्या. "आई हाय ती. पन लेकराला दिसू दिलं न्हाई तिनं."

परतीच्या एसटीत गौरी खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मग मान न वळवता तिनं विचारलं, "आई, तू रडली होतीस?"

बारा वर्षांत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि नगर येईपर्यंत सोडला नाही.