मंद ठिपका

बव्हेरियातल्या आमच्या गावासाठी ओट्मारने चाळीस वर्षं पाव भाजले. म्हातारपणी डोळे अधू झाले, तरी संध्याकाळी मचाणावर बसून रानडुकरं मारायचा नाद काही सुटला नाही. डुकरं मका उद्ध्वस्त करतात, ती मारावीच लागतात. पण पिलांची आई मारली, तर शिकाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

गेल्या आठवड्यात तो माझ्या दुकानात बंदुकीची दुर्बीण घ्यायला आला. नेमाच्या जागी लाल ठिपका पेटणारी. दुकानाच्या लख्ख उजेडात त्याने ठिपका पूर्ण वाढवला.

"हीच दे! कसा झगझगतोय बघ."

"पाव विकायचास की दिवे?" मी वैतागलो. "अंधारून आलं की या ठिपक्यापुढे काही दिसणार नाही. चल बाहेर."

दिवस मावळेपर्यंत त्याला मागच्या अंगणात थांबवलं. दुर्बीण समोरच्या कुंपणावर रोखायला लावली आणि ठिपका कमी करत गेलो. तो जेमतेम दिसेल इतका मंद झाला, तेव्हा कुठे त्याला कुंपणाच्या तारा दिसल्या. कुरकुरतच दुर्बीण घेऊन गेला.

आज सकाळी आला तो थेट खुर्चीत बसला.

"काल मक्यातून मोठं डुक्कर निघालं. एकटंच वाटलं. ठिपका मंद ठेवला होता, बोट चापावर होतं. तेवढ्यात त्याच्या पायांपाशी गवतात पट्टे हलले. चार पट्टेरी पिलं होती रे!"

"मग?"

"मग काय! बोट काढलं आणि पोटभर रडलो."

त्याने कागदी पिशवी पुढे सरकवली. आत चार छोटे पाव होते, अजून गरम. वरून सुरीने पट्टे ओढलेले.