जर्मन पंडिताचं वाक्य

निजामाच्या जुन्या राजधानीत, शाहअलीबंड्याच्या उतारावर राहणाऱ्या शंभूराज माथूर यांनी आयुष्यात एकच मोठं खोटं पचवलं, आणि तेही असं की त्यावर अख्ख्या मोहल्ल्याने एकतीस वर्षं माना डोलावल्या.

माणूस कायस्थ. फारसी-उर्दू घरात आजोबांपासून चालत आलेली. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. दरवर्षी रबी-उल-अव्वलच्या बारा तारखेला, पैगंबरसाहेबांच्या जन्मदिवशी, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर मोहल्ल्यात जलसा भरे आणि त्यात मौलवीसाहेबांच्या पाठोपाठ भाषण असे ते माथूर मास्तरांचं. तसा रिवाजच होता. घरच्यांनी केलेल्या कौतुकाला शेजाऱ्याने दुजोरा दिला की त्याला वजन येतं, असं तिथल्या लोकांचं मत. मास्तर शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून उभे राहत आणि एका जाडजूड वहीतून वाचत. बंगालचा सुधारक काय म्हणाला, इंग्लंडच्या इतिहासकाराने काय लिहिलं, पंजाबातल्या शीख प्राध्यापकाला काय वाटलं. मक्का हाती आल्यावर ज्याने सूड घेतला नाही, खंदक खोदताना जो उपाशीपोटी सगळ्यांबरोबर माती वाहत होता, जो आपली चप्पल आपण शिवत होता, अशा पुढाऱ्याबद्दल परधर्मातली शहाणी माणसं जे जे बोलली ते सगळं त्या वहीत होतं. मास्तरांनी पदरचं काही म्हणून घातलं नव्हतं. एक वाक्य सोडून.

ते वाक्य आलं एकोणपन्नास सालच्या जलशात. पोलीस अ‍ॅक्शन होऊन जेमतेम चार महिने झालेले. निजामाचं राज्य गेलं, निम्म्या मोहल्ल्याच्या नोकऱ्या गेल्या, कुणाचा भाऊ बेपत्ता, कुणाचं बिऱ्हाड कराचीला निघालेलं. जलसा भरवावा की नाही यावरच आठ दिवस खल झाला. शेवटी भरला, तर माणसं आपल्याच गल्लीत चोरासारखी खाली मान घालून बसलेली. मास्तर तेव्हा तिशीचे. वहीतलं सगळं वाचून झालं तरी एक मान वर होईना. वही मिटता मिटता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एक जर्मन पंडित म्हणतो, ज्याच्या जिवावर उठलेले लोकसुद्धा आपल्या ठेवी त्याच्याच घरी ठेवून निर्धास्त झोपत, त्याच्या चारित्र्याला आणखी कुणाचा दाखला हवा?"

माना वर झाल्या. मागे कुणीतरी हुंदका दिला. खाली बसताना मास्तरांना पक्कं ठाऊक होतं की असा कुणी जर्मन पंडित नाही. पण गल्लीतल्या शाळामास्तराला काय वाटतं, याने त्या लोकांना कसला धीर येणार, असं त्यांना वाटलं. पुढे विचारणारे निघाले तेव्हा त्यांनी पंडिताला एक नावही देऊन टाकलं. भल्यासाठी बोललेलं खोटं माणसाला खोटं वाटतच नाही, पंचाईत होते ती इथेच.

हुंदका देणारा होता वजीहुद्दीन, मोहल्ल्याचा कातिब. देखण्या अक्षरात मजकूर लिहून देणं हा त्याचा धंदा. जलशाची भित्तिपत्रकं त्याच्याच बोरूची, आणि त्या दिवसापासून दरवर्षी त्यांवर सगळ्यांत मोठ्या अक्षरात जर्मन पंडिताचं वाक्य. दोघांची दोस्ती अशी की रोज सकाळी इराण्याकडे एकच चहा घ्यायचा. बशीतला मास्तरांचा, कपातला कातिबाचा. कुणी थट्टा केली तर वजीहुद्दीन म्हणायचा, "हा जर्मनीपर्यंत जाऊन येतो, दमतो बिचारा. त्याला थंड करून द्यावा लागतो."

वजीहुद्दीनची बायको केव्हाच गेली होती. एकुलती एक मुलगी नुझहत कॉलेजात शिकवायची. ऐंशी साली तिने मास्तरांच्या वहीचं पुस्तक काढायला घेतलं. मास्तर हरखून गेले. पण पोरगी शिस्तीची. तिला प्रत्येक वाक्यापुढे ग्रंथाचं नाव आणि पान हवं. बाकी सगळे सापडले, जर्मन काही सापडेना. तिने जर्मनीतल्या दोन विद्यापीठांना पत्रं घातली. असा कुणी विद्वान आमच्या माहितीत नाही, असं दोन्हीकडून उत्तर आलं.

"अब्बा, हे वाक्य गाळावं लागेल. असा माणूसच नाही."

"माणूस नाही? अगं, शंभूने वाचलंय ते!"

"कुठे वाचलंय तेवढं सांगू देत, मग छापते."

"त्याच्याकडे दाखले मागणार तू? चड्डीत असल्यापासून ओळखतो मी त्याला. जीभ झडेल, पण खोटं नाही बोलायचा."

"खोटं कोण म्हणतंय? त्यांची चूक झाली असेल."

"दोन टपालं आली जर्मनीची, तर लगेच शहाणी झालीस होय गं?"

त्या दिवसापासून वजीहुद्दीनने मुलीच्या हातचं खाणं सोडलं. साठी उलटलेला माणूस बाजारातून कुलचा आणायचा आणि पाण्यात बुडवून गिळायचा. मोठा हट्टी, आणि हट्ट कुणासाठी, तर दोस्ताच्या सचोटीसाठी.

नुझहत शेवटी मास्तरांकडे आली. "चाचा, तुम्हीच सांगा ना त्यांना, की आठवत नाही म्हणून. बारा दिवस झाले, धड जेवले नाहीत. माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत."

मास्तर तडक उठून गेले. वजीहुद्दीन चष्मा नाकावर ओढून भित्तिपत्रक लिहीत होता. तेच वाक्य. शाई ओली होती.

"ये शंभू, ये! बघ, माझी विद्वान लेक म्हणते तू विसरभोळा झालास. जरा कान धर तिचा."

पैगंबरसाहेबांना मक्केतले लोक 'अमीन' म्हणत, म्हणजे ज्याच्यावर विसंबावं असा. मास्तर दरवर्षी भाषणाची सुरुवात याच शब्दाने करत. आज त्यांना आपल्याच भाषणाची शरम वाटली. एका वाक्याचं काम होतं, पण त्या ओल्या शाईकडे बघून त्यांनी ते पुढे ढकललं.

"जलसा होऊन जाऊ दे वजीह," ते म्हणाले. "मग निवांत बोलू."

पाच दिवसांचा तर प्रश्न, असं त्यांनी वाटेत स्वतःला समजावलं.

रविवारी दुपारी वजीहुद्दीनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ऐकू येतंय आणि कळतंय, एवढं डॉक्टर म्हणाले. मास्तर धापा टाकत पोहोचले आणि बाजेशेजारी जमिनीवरच बसले. नुझहत समोर उभी होती.

"वजीह, तो जर्मन कुणी नाही. कधीच नव्हता. ते वाक्य माझं आहे. पोरीचं बरोबर होतं रे. तिच्या हातचं खा बाबा."

वजीहुद्दीन छताकडे बघत राहिला. एका डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. नुझहतने दुधाचा चमचा पुढे केला तेव्हा त्याने तोंड उघडलं. चार चमचे प्यायला. मुलीकडे टक लावून बघितलं. मास्तरांकडे मात्र त्याने मान वळवली नाही. वळवता येत नव्हती की वळवायची नव्हती, हे त्यांना कधीच कळलं नाही.

निघताना नुझहत दारापर्यंत आली. तिने राग केला असता तर बरं झालं असतं.

"चाचा, एक सांगू? अब्बांच्या मनात एकच सल होता. म्हणायचे, शंभूने साऱ्या दुनियेचं वाचून दाखवलं, पण त्याला स्वतःला काय वाटतं ते एकदाही बोलला नाही. दोस्ती म्हणून येतो बिचारा. आमच्या पैगंबरांना मनातून मानतो की नाही, अल्ला जाणे. तुम्हाला विचारायची हिंमत नाही झाली त्यांना."

मास्तरांना जिना दिसेना. ते कठडा धरून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले.

सोमवारी संध्याकाळी वजीहुद्दीन गेला. बुधवारी जलसा झाला. मास्तर वही न घेताच उभे राहिले. लोक जर्मन पंडिताची वाट बघत होते. मास्तरांनी ते वाक्य म्हटलं, सावकाश, एकेक शब्द.

"हे कुणी जर्मन म्हणालेला नाही," ते म्हणाले. "मी बनवलं आणि त्याच्या नावावर खपवलं. हे मला वाटतं. मला, शंभूराज माथूरला, पहिल्यापासून वाटत आलंय."

मागून कुणीतरी "सुभानअल्ला" म्हणालं. मास्तरांनी झटकन मान वर करून तिकडे बघितलं. तो दुसराच कुणीतरी होता. वजीहुद्दीनला कालच मंगळवारी मातीत ठेवून आले होते, आणि पहिली मूठ मास्तरांचीच होती.