करवंदांच्या दिवसांतली हजेरी

शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "चुरीबाई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव!" आणि मी ताडकन उठून बाहेर आले. चपला सापडेनात, तर तशीच अनवाणी फाटकापर्यंत गेले. लोकांना वाटलं, मैत्रीण गेल्याचं दुःख अनावर झालं. दुःख होतंच, पण त्या घटकेला डोक्यात तिडीक गेली होती. ज्या बाईला याच गृहस्थांच्या सहीने शिस्तभंगाची नोटीस गेली, जिला बोईसरहून उचलून थेट वैतरण्याच्या बाजूच्या शाळेत पिटाळलं, तिच्या फोटोला हार घालताना यांची जीभ जरासुद्धा अडखळू नये? मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, ही केवढी सोय आहे... म्हणून म्हटलं, मीच बोलते.

शालिनी चुरी मूळची शिरगावची. आमची शाळा बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. पश्चिमेला कारखान्यांच्या चिमण्या वर येत होत्या आणि आमच्या वर्गात दोन-दोन तास डोंगर उतरून पोरं येत होती. शालिनी इंग्रजी शिकवायची, मी मराठी, शिवाय सातवीची वर्गशिक्षिका. बोलायला ती एक नंबरची फटकळ. आवाज असा, की तिने तिच्या वर्गात प्रश्न विचारला की भिंतीपलीकडून माझी पोरं उत्तर द्यायची. मी चिडायचे, ती हसायची.

शाळेच्या कपाटात कुणीतरी देणगी दिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, गेल्या शतकातल्या विलायती खेड्यांबद्दलचं. त्यातली ब्लॅकबेरीची हकीकत शालिनी पोरांना मराठीत रंगवून सांगायची. कुंपणाकुंपणांवर काटेरी जाळ्या, त्यांवर काळीभोर फळं. ती खुडायला बायकापोरं डबे घेऊन निघायची, आया मुरंबे घालायच्या. एखादी गोष्ट ढिगाने मिळत असली की तिथली माणसं बोलताना याच फळाचं नाव घ्यायची. आणि थंडीआधीचा एक ठरलेला दिवस उलटला की फळाला हात लावायचा नाही. का? तर सैतान त्यावर थुंकून जातो! हे ऐकून मागच्या बाकावरची जिवली उभी राहिली. म्हणाली, "आमच्यात पन हाय, बाई. पाऊस पडला का करवंदं खायाची नाय. आळी पडते." शालिनीने पुस्तक मिटलं. "ये इकडे. आता तू शिकव." त्या दिवशी जिवलीने अर्धा तास वर्ग घेतला. कुठल्या जाळीची करवंदं गोड, बोटात काटा मोडला तर काय करायचं, फळ फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी हा पोरांचा खेळ... वारली पाड्यावरची ही पोर, घरातून शाळेत आलेली पहिलीच. सातवी पास झाली की आश्रमशाळेत मदतनीस म्हणून लावून देईन, असा शब्द शालिनीने तिच्या आईला दिला होता.

एप्रिल लागला, करवंदं पिकली आणि जिवली यायची बंद झाली. घरातलं झाडून सगळं माणूस पहाटे जाळ्यांत शिरायचं, मग पानांचे द्रोण भरून बोईसरच्या वसाहतींत विकायला जायचं. पावसाआधीचे तेवढे चार आठवडेच काय ते त्यांच्या हातात. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "सलग गैरहजर आहे. नाव कमी करा, परीक्षेला बसू द्यायचं नाही." आणि मी... मी पट्टी घेतली आणि हजेरीपटात तिच्या नावावर लाल शाईने रेघ मारली. वाकडी होऊ नये म्हणून काळजीसुद्धा घेतली, बघा!

शालिनीला हे कळलं तेव्हा तिने ते जाड पुस्तक मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटलं. "वाचा, सर. त्यांच्याकडे ब्लॅकबेरी पिकली की मास्तर शाळेलाच सुट्टी देऊन टाकायचे. पोरं येणार नाहीत हे त्यांना कळत होतं. आपल्याला का कळू नये?"

"ते इंग्लंड आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले.

म्हणजे विलायतेतल्या पोराने काटेरी जाळीत हात घातला तर त्याची गोष्ट होणार, चित्रासकट छापून येणार, आणि आमच्या पोरीने घातला तर गैरहजेरी! ते वाक्य आठवलं की आजही माझे हात शिवशिवतात. तेव्हा मात्र मी शेजारी दातखीळ बसल्यासारखी उभी होते. बाहेर आल्यावर शालिनी म्हणाली, "वर्गशिक्षिका म्हणून तू नुसतं म्हणाली असतीस ना, की मला हे मान्य नाही..."

परीक्षा संपल्यावर ती पाचही विषयांच्या प्रश्नपत्रिका पिशवीत घालून एकटीच पाड्यावर चढली. दोन दिवस जिवलीला झोपडीबाहेर आंब्याखाली बसवून तिने पेपर लिहून घेतले, तपासलेही. मुख्याध्यापकांनी त्यांना हात लावला नाही. संस्थेने नोटीस काढली, जूनमध्ये बदली झाली. जिवलीची शाळा सुटली ती सुटलीच. शालिनीने माझ्याशी अबोला धरला नाही, माझ्या मुलीच्या लग्नात तर घरचं कार्य असल्यासारखी राबली. पण त्या पेपरांचा विषय तिने काढला नाही, आणि मी कशाला काढतेय?

तेराव्यानंतर तिच्या यजमानांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "तुमच्यासाठी ठेवलंय म्हणायची, ताई." आत जिवलीच्या उत्तरपत्रिका. कडांवर करवंदाने रंगलेल्या बोटांचे ठसे. प्रत्येकीवर शालिनीच्या अक्षरात, लाल शाईने, 'हजर'. खाली गुण. पाचही विषयांत पास. आणि त्याखाली 'वर्गशिक्षिकेची सही' असं लिहून पुढे मोकळी सोडलेली जागा... अठरा वर्षं तशीच मोकळी.

परवा बोईसर स्टेशनबाहेर जिवली करवंदांची टोपली घेऊन बसलेली दिसली. तिने मला ओळखलं. मी पिशवी उघडून पेपर तिच्यापुढे धरले. म्हटलं, "जिवली, तू पास झाली होतीस गं."

"ठाव हाय की, बाई. चुरीबाईंनी तवाच सांगितलं. तुमची सही ऱ्हायली होती."

रागाने नाही म्हणाली. गिऱ्हाइकाचा द्रोण भरता भरता म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता करून काय उपयोग?" मी पुटपुटले.

"करा. पोरीला दाखवीन."

मी तिच्या टोपलीशेजारी धुळीतच बसले आणि पाचही पेपरांवर सही केली. तारीख परवाचीच घातली, अठरा वर्षांपूर्वीची नाही. जिवलीने ते पदराने पुसून टोपलीत पानांखाली सरकवले.

तेव्हा, अध्यक्षमहाशय, हजेरीपटातून नाव कमी केलेली एक मुलगी मी पास केली आहे. शिस्तभंगाची नोटीस आता माझ्या नावाने काढा. मी घरीच असते.