बॉनेटवरचा पहिला हात

"मॅडम, मना एकच सांगा. तुमचा प्रायमर खराब, का आमचा मिलिंद?"

मी ठाण्यातल्या बाळकुमच्या त्या गॅरेजमध्ये अजून खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती आणि मालक हरेशशेठ सुरू झाले होते. मी रंगाच्या एका कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. म्हणजे गाडीचा रंग बिघडला की शिव्या खायला मला पाठवतात. राहते डोंबिवलीत, शिव्या खाते ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही.

स्टँडवर एका जुन्या गाडीचं निळंशार बॉनेट ठेवलं होतं. गाडी हरेशशेठच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती नव्यासारखी करून आईला तिच्यातून फिरवायचं शेठनी मनावर घेतलं होतं. आणि रंग मारून महिना होतो न होतो तोच बॉनेटवर बारीक बारीक फोड आले होते.

पेंटर मिलिंद कोपऱ्यात मान खाली घालून उभा. पंधरा वर्षं या गॅरेजची स्प्रे गन त्याच्याकडे. शेठनी फर्मान काढलं होतं: दोष प्रायमरचा नसेल तर उद्यापासून मिलिंदने फक्त पत्रे घासायचे, गन दुसऱ्याकडे. पेंटरला असं सांगणं म्हणजे आचाऱ्याला भांडी घासायला बसवणं.

तेवढ्यात बॉसचा फोन. "ॲप्लिकेशन एरर लिही, पेंटरची चूक, आणि निघ. अजून कल्याणची व्हिजिट बाकी आहे."

"हो सर," म्हटलं आणि फोन बॅगेत टाकला. तपासाआधीच निकाल देणारी माणसं मला फार आवडतात. त्यांचं ऐकायची गरजच नसते.

"मिलिंद, उघड्या पत्र्यावर काय मारलंत?"

"एपॉक्सी प्रायमर, मॅडम."

"तेच चुकला!" शेठ मध्येच. "दुकानवाला बोल्ला, उघड्या पत्र्याला ॲसिडवाला पायजे."

दुकानवाला अर्धाच बरोबर होता. ॲसिडवाला म्हणजे एचिंग प्रायमर. तो धातूला किंचित चावून पकड घेतो. ॲल्युमिनियमवर वगैरे उत्तम. पण त्याचा थर पातळ असतो, आणि त्याच्यावर थेट पोचे बुजवायची पुटी भरली तर त्यातलं ॲसिड पुटीला नीट घट्ट होऊ देत नाही. एपॉक्सी चावत नाही. तो घट्ट चिकटून बसतो आणि पत्र्यापर्यंत पाणी पोचू देत नाही. वर पुटी भरली तरी त्याची तक्रार नसते. या बॉनेटला दोन पोचे होते, म्हणजे पुटी आलीच. पत्रा लोखंडी. मिलिंदची निवड अगदी बरोबर होती.

पंचाईत अशी, की प्रायमरही बरोबर होता. त्याच डब्यातून रंगवलेले चारही दरवाजे चकाचक होते.

"पत्रा घासला कधी?" मी विचारलं.

मिलिंद चाचरला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी नागपूरची गाडी होती. दीक्षाभूमीला दरवर्षी जातो. प्रायमर मारायला वेळच नाही उरला."

"आपल्याकडच्या दमट हवेत उघडा पत्रा एक रात्रसुद्धा ठेवू नये, मिलिंद."

"माहितीये मॅडम. म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून गेलेलो. आलो तेव्हा तसंच गुंडाळलेलं. थोडे तपकिरी डाग दिसले, वाटलं ओलावा असेल. वरवर पॉलिश पेपर मारला, पुसलं आणि एपॉक्सी मारला."

"बघा! कबूल केला!" शेठनी मांडीवर थाप मारली.

मला वाईट वाटलं. रिपोर्ट जवळजवळ तयारच झाला होता आणि बॉस खरा ठरणार होता, त्याचं तर जास्तच वाईट वाटलं. पण ओलाव्याने गंज आला असता तर फोड कुठेही उठले असते. हे सगळे मधोमधच का? मी मोबाइलचा टॉर्च बॉनेटला टेकवून आडवा धरला. तिरक्या उजेडात फोडांच्या सावल्या पडल्या. एक उभी रेघ, एक आडवी. टोकांना काटकोनात वळलेल्या. मध्ये चार ठिपके.

स्वस्तिक.

मिलिंदने शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे.

"शेठ, दसऱ्याला प्लॅस्टिक कोणी सोडलं होतं?"

"बाबांची गाडी व्हती ना ओ मॅडम," शेठचा आवाज एकदम खाली आला. "सगल्या हत्यारांची पूजा केली, मंग तिचीच नाय करायची? ओल्या हलदी-कुंकवाचा स्वस्तिक काढला. नारल फोडला, पानी शिंपडला. मंग ओल्या फडक्यानं पुसून होता तसाच गुंडालून ठेवला. मिलिंदला कलू नये म्हनून."

नारळाच्या पाण्यात क्षार, बोटांना घाम, वरून प्लॅस्टिकखाली कोंडलेली वाफ. गंजाला आणखी काय हवं? घासलेल्या पत्र्याच्या ओरखड्यांत तो आरामात बसला आणि वर कितीही चांगला प्रायमर मारला तरी आतून फुगत राहिला.

शेठ उठले, मिलिंदसमोर जाऊन उभे राहिले. "गन तुझीच. चुकलो मी."

"माझंही चुकलं, शेठ. डाग दिसल्यावर परत पूर्ण घासायला पाहिजे होतं," मिलिंद म्हणाला. मग त्याला हसू आवरेना. "पण शेठ, स्वस्तिक एकदम सरळ आलंय हां!"

शेठ आधी रागावले, मग तेही हसायला लागले. मीही हसले. फोडांवर हसायची माझ्या नोकरीतली ती पहिलीच वेळ.

"मॅडम, रिपोर्टात पूजा लिवू नका. आई वाचल," शेठनी हात जोडले. मी लिहिलं: प्रायमरपूर्वी पत्रा दूषित. ‘ॲप्लिकेशन एरर’ लिहिलं नाही म्हणून बॉस दोन दिवस धुमसत होता.

बॉनेट पुन्हा पत्र्यापर्यंत घासलं गेलं आणि त्याच दिवशी मिलिंदने त्यावर एपॉक्सी मारला. देवदिवाळीला आई त्या गाडीतून घोडबंदरपर्यंत जाऊन आल्या. मागच्या सीटवर मिलिंद होता, शेठनी हट्टाने बसवलेला.

रंगाच्या धंद्यात थराला हात म्हणतात. उघड्या पत्र्यावर पहिला हात कशाचा मारायचा, हे लोक मला रोज विचारतात. मी आता आधी विचारते, पहिला हात कोणाचा लागलाय?