घरपोच नकार

अख्ख्या अकोला जिल्ह्यात तोंडावर ‘नाही’ म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बाकी आपण सगळे ‘पाहू ना’वाले. लग्नाला येता का, पाहू ना. शेत वर्षभर ठोक्याने कसायला देता का, पाहू ना. ऐकणारा सहा महिने वाट पाहतो आणि मग आपोआप समजून घेतो. व्याह्यांना हे जमत नाही. ‘नाही’ म्हणायचं असलं की ते आंघोळ करतात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात, स्कूटर पुसतात आणि समोरच्याच्या घरी जाऊन, बसून, ‘नाही’ म्हणतात.

ते शाळेत पी.टी.चे सर होते. मूळचे दर्यापूरकडचे, शिकले अमरावतीला, आणि तिथे त्यांना जी बेसबॉलची बाधा झाली ती रिटायर झाल्यावरही उतरली नाही. हा खेळ मी दोनदा बसून पाहिला आहे. एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो दंडुक्याने मारतो, आणि मग जीव तोडून चार कोपरे फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो. मी व्याह्यांना विचारलं, परत तिथंच याचं तर पळाचं कशाले? ते म्हणाले, “ईनबाई, माणूस सकाळी घरून निंगते आन् संध्याकाळी घरीच येते. मंग का त्यानं जाऊ नाही?” ते मला विहीण म्हणून मान देतात, पण उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत.

दरवर्षी जिल्ह्याचा संघ निवडायचा असतो. पातूर, बार्शीटाकळी, कुठून कुठून साठ-सत्तर पोरं-पोरी चाचणीला येतात आणि त्यातून दोन संघ काढायचे असतात. निवडणारे तिघं, त्यात व्याही मोठे. ज्यांची निवड झाली त्यांची यादी मैदानाच्या फाटकाशी बोर्डावर लागे. पण व्याह्यांचा नियम असा, की ज्यांची झाली नाही त्यांच्या घरी आधी स्वतः जायचं, आणि शेवटचं घर झाल्याशिवाय यादी लावायची नाही. बाकीचे दोघं कंटाळून जात. चार-पाच दिवस यादी व्याह्यांच्या खिशात, आणि व्याही स्कूटरवर. “ज्याचं नाव लागलं त्याले सांगाले कोनी कशाले पाह्यजे? त्याले गाव सांगते,” ते म्हणत. फोन करा म्हटलं तर कानाला हात लावत. “फोनवर नाही म्हणाचं म्हणजे भिंतीआडून गोटा मारणं झालं.”

त्या आठवड्यात त्यांची स्कूटर ज्या गल्लीत वळे तिथली खेळणारी पोरं पलंगाखाली जात. रस्त्यात भेटले तर लोक राम-राम न घालता आधी विचारत, “सर, आमच्याकडे तर नाही ना?” एका घराने तर दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि मागच्या दाराने आत जाऊन सगळे चिडीचूप बसले. व्याही ओट्यावर पेपर वाचत बसले. दुपारी आतून फोडणीचा वास आला तेव्हा मोठ्याने म्हणाले, “भाऊ, जेवून घ्या निवांत. मी आहो इथंच.”

बार्शीटाकळीला तर मजाच झाली. पोरीचा बाप वावरात गेलेला, घरी फक्त चुलता. पांढऱ्या सदऱ्यातला भारदस्त माणूस दारात आला आणि म्हणाला, “मुलीला बोलवा, तिच्यासंबंधी आलो आहे.” चुलत्याने खुर्ची पुसून दिली, आत निरोप गेला, पंधरा मिनिटांत पोह्यांची ताटली आली आणि मागून मोठी पुतणी, नवी साडी नेसून, मान खाली घालून. व्याह्यांनी पोहे खाल्ले, कारण अन्नाला ते कधी नाही म्हणत नाहीत. मग पोरीला म्हणाले, “बाई, तुम्ही उभ्या कावून? बसा. पण मले लहान पाह्यजे होती.” चुलता काठी शोधायला उठला. सगळं उलगडल्यावर धाकटीला नकार मिळाला, मोठी हसून हसून बेजार झाली, आणि व्याह्यांना निघताना पुन्हा पोहे खावे लागले.

मैदानावरचे त्यांचे नियम वेगळेच. आईबापांसाठी दूर लिंबाखाली ते चुन्याच्या फक्कीने एक रेघ मारत. तिच्या अलीकडे यायचं नाही, पोराला ओरडून सांगायचं नाही, ‘शाबास’सुद्धा नाही. एका बापाने घरी संत्र्यांचं टोपलं पाठवलं. व्याह्यांनी ते मैदानावर आणलं आणि सगळ्या पोरांना फोडी वाटल्या. त्या बापाच्या पोराच्या वाट्याला दोनच आल्या. आणि चाचणीच्या दिवशी पोराटोरांनासुद्धा ते ‘तुम्ही’ म्हणत. आपल्याकडे कलेक्टरला ‘तू’ म्हणायला कमी न करणारी माणसं. पोरं भांबावून मागे वळून पाहत, की हा माणूस बोलतो कोणाशी.

आता आमच्या घरची गोष्ट. माझी नात श्रावणी म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी. तेव्हा ती बाराची होती आणि वर्षभर तिने चेंडूशिवाय दुसरं काही हातात धरलं नव्हतं. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर बाहेरगावी खेळायला जायचं, अंगावर जिल्ह्याचा टी-शर्ट, एवढं एकच तिच्या डोक्यात. पोरगी झोपेत फेकायची. तिच्याजवळ झोपायची सोय राहिली नव्हती. चाचणीच्या आधी व्याही आले तेव्हा मी मुलाची आई या नात्याने सरळ सांगून टाकलं, “व्याहीबुवा, पोट्टीचं तेवढं पाहून घ्या.”

“पाहतो ना. पाहाचंच काम आहे माह्यं,” ते म्हणाले. मी समजले, काम झालं.

चाचणीला मी रेघेच्या मागे बसले होते. श्रावणी टेबलाजवळ गेली तर व्याही चष्मा सावरून म्हणाले, “नाव सांगा.”

“आबाजी, मी आहो ना!”

“नाव सांगा, शाळा सांगा. मागे रांग आहे.”

पोरीने रडवेल्या आवाजात स्वतःच्या आजोबाला आपलं नाव सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. मुलीच्या घरी बाप कधी रिकाम्या हाताने येत नाही. हे तर दर वेळी पिशवीभर काहीतरी घेऊन येत. त्या दिवशी हातात नुसती वही होती. सून स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. मी म्हटलं, “या, चहा ठेवते.”

“आधी काम,” म्हणाले, आणि खुर्ची सोडून खाली फरशीवर बसले, म्हणजे खाली चेंडू घेऊन बसलेल्या श्रावणीचे आणि त्यांचे डोळे समोरासमोर आले.

“श्रावणीबाई, तुमची निवड झाली नाही. तुमची फेक सगळ्यांत सरळ आहे, तशी मुलांमध्येही कोणाची नाही. ते इथे लिहिलं आहे. पण उंचावरून चेंडू आला की तुम्ही डोळे मिटता. सात वेळा मिटले.”

“पाच वेळा,” पोरगी म्हणाली.

“सात. मी मोजले.”

“माह्या जागी कोनाले घेतलं?”

“ते सांगणार नाही. मी तुमच्याबद्दल बोलायला आलो आहे.”

मग मात्र मला राहवलं नाही. “व्याहीबुवा, मी तुमाले शब्द टाकला होता. तुमच्या लेकीच्या सासूचा एवढाच मान का?”

ते उठले, माझ्यापुढे हात जोडले. “तुमचा शब्द डोक्यावर, ईनबाई. पन डोये तर तिनं मिटले ना.”

मी चहाचं आधण ओतून टाकलं. चांगलं दाखवून ओतलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. बापासाठी की लेकीसाठी, ते मी विचारलं नाही. श्रावणी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. व्याह्यांनी वही उचलली, सुनेला म्हणाले, “येतो बाई,” आणि चहाशिवाय गेले. आमच्या घरून ते पहिल्यांदाच तसे गेले.

संध्याकाळी मी ब्लाउज आणायला कोपऱ्यावरच्या टेलर चाचांकडे गेले. गठ्ठ्यातून माझा ब्लाउज शोधता शोधता चाचा म्हणाले, “काकू, आपके समधी की तबीयत ठीक है ना? सुबह से तीन बार गली के मुँह तक आए और लौट गए. मैंने बोला, सर, बैठो. बोले, अभी हिम्मत नहीं हुई.”

मी ब्लाउज न घेताच घरी आले. एवढी वर्षं लोकांच्या दारात ताठ उभा राहणारा माणूस माझ्या दाराला तीनदा घाबरला, आणि चौथ्यांदा आला. दुसऱ्या दिवशी मी श्रावणीच्या हाती त्यांच्याकडे धिरडी पाठवली. माफी मागणं मला येत नाही. धिरडी चांगली येतात. पोरगी दोन तासांनी आली ती कपाळावर टेंगूळ घेऊन. म्हणाली, “आबाजी वर चेंडू फेकतात आन् डोये मिटले की ‘एक’ म्हणतात, ‘दोन’ म्हणतात.” तेव्हा ते पुन्हा तिला ‘तू’ म्हणत होते.

या गोष्टीला चार वर्षं झाली. व्याह्यांचे गुडघे गेले, स्कूटर गेली आणि निवडसमितीत तरुण मुलं आली. चांगली मुलं आहेत, भराभर काम करतात. आता चाचणी संपली की त्याच संध्याकाळी यादी सगळ्यांच्या फोनवर.

परवा यादी आली तेव्हा व्याही आमच्याकडेच बसले होते. श्रावणीचं नाव होतं, चौथं. सून ओरडली, मी गूळ आणला. व्याह्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, “चांगलं झालं.” मग चहाची बशी तशीच धरून विचारलं, “राहिले कोन कोन?”

“ते नसते यादीत, आबाजी. आलेल्याचीच नावं असतात.”

“मंग राहिलेल्याले कसं समजते?”

“नाव नाही दिसलं की समजते ना.”

चहावर साय धरली. मग व्याही म्हणाले, “पातूर, बार्शीटाकळीची कोनी पोट्टी आली होती का औंदा?”

श्रावणीने फोनवर बोट वर-खाली फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चाचणीला कोण कोण आलं होतं, ते तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं.