ट्रक शहपुऱ्याला पोचला

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

मी जबलपूरला सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात बाबू. मागच्या पावसाळ्यात शहपुऱ्याकडे नर्मदेचं पाणी चढलं, वस्त्या बुडाल्या, लोकांना शाळेत नेऊन बसवलं. सकाळी सकाळी साहेब म्हणाले, "वानखेडे जी, ताडपत्री, कंबल, राशन, सब लदा है. ट्रक लेकर शहपुरा निकलो!"

ड्रायव्हर मुन्ना भैयानं गाडी सुरू करता करता विचारलं, "बाबूजी, कौन सा शहपुरा?"

"अरे, दुनिया में कितने शहपुरा हैं? चलो!"

आणि मी झोपलो. ट्रकच्या केबिनमध्ये मला जी झोप लागते ना, ती घरच्या गादीवर नाही लागत.

जाग आली तेव्हा ट्रक एका शाळेसमोर उभा. गाव ओळखीचं वाटेना. म्हटलं, पाहा, पुरानं गावाचा चेहराच बदलून टाकला! जमीन ठणठणीत कोरडी. म्हटलं, पाणी ओसरलं असेल.

खाली उतरून मी भाषणच ठोकलं. "घबराइए मत! सरकार आपके साथ है!"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "क्या हुआ, भैया?"

"अम्मा, बाढ़!"

"कैसी बाढ़? हमारा तो धान सूख रहा है!"

मला वाटलं, बिचारीला धक्का बसला. मी स्वतः तिच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. भर दुपारच्या उन्हात! ती घाम पुसून राहिली, अन् मला वाटलं, डोळे पुसून राहिली!

मग काय, रांगच लागली. फुकट मिळून राहिलं तर नाही कोण म्हणणार?

तेवढ्यात तहसीलदारांचा फोन. "वानखेडे जी, कहाँ हैं? यहाँ बच्चे भीगे बैठे हैं!"

"शहपुरा में! बाँट रहा हूँ!"

"शहपुरा में तो मैं खड़ा हूँ! स्कूल के सामने!"

"मैं भी स्कूल के सामने!"

"तो दिखते काहे नहीं?"

मी हात हलवून दाखवला. फोनवर!

मुन्ना भैया शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ये डिंडोरी वाला शहपुरा है. हमारा घर यहीं है. हम तो इसी को शहपुरा जानते हैं."

एक शहपुरा जबलपूरच्या या बाजूला, दुसरा पार त्या बाजूला. मधे अख्खं जबलपूर!

आता वाटलेलं परत कोणत्या तोंडानं मागू? पण फोनवरचं सगळं अम्माच्या कानावर गेलं होतं; तिनंच ब्लँकेटची घडी केली, ट्रकात टाकली अन् बाकीच्यांवर ओरडली, "लाओ रे सब! उधर बच्चे भीग रहे हैं!" सगळं परत आलं. वर कुणीतरी कोदो धान्याचं एक पोतंही चढवलं.

खऱ्या शहपुऱ्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पोरं ओल्या कपड्यांत कुडकुडून राहिली होती. आम्ही भराभर सामान वाटलं.

शेवटी व्हरांड्यातले एक म्हातारे उरले. धोतर ओलंचिंब. दुपारपासून ते अख्ख्या शाळेला सांगत बसले होते म्हणे, "थांबा, घाबरू नका, ट्रक आमचे जावई आणून राहिले!"

हो. माझे सासरे!

त्यांनी ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळलं, मला नीट न्याहाळलं अन् सगळ्यांसमोर विचारलं, "काहून जावईबापू, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून सासुरवाडी सापडत नाही?"